आधीच्या दहा, नंतरच्या दहा

डोळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी झुंबरबाईला तीन गोष्टी मना केल्या: चुलीपुढे बसणं, वाकणं आणि वाचणं. पहिल्या दोन तिने ऐकल्यासारख्या केल्या. तिसरीपाशी ती अडली.

"वाचानं कितला दिन नही?"

"महिनाभर, आजी. चष्म्याचा नंबर मिळेपर्यंत."

"महिनाभर मंग घरमां कोन वाची?"

डॉक्टरांना वाटलं, म्हातारी वर्तमानपत्राबद्दल बोलते आहे. "टीव्ही ऐका," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. काळा चष्मा लावून झुंबरबाई धुळ्याच्या स्टँडवर आली, साक्रीच्या गाडीत खिडकीशी बसली आणि पाड्याकडे निघाली. खिडकीबाहेरचा माघातला उन्हाळलेला उजेड तिला काचेआडून सायंकाळसारखा दिसत होता.

त्या घरात चाळीस वर्षं एक नेम होता. उजाडताना, चहाच्या आधी, ख्रिस्ती शास्त्राचा एक अध्याय. जिथे काल खूण ठेवली तिथून आज पुढे; आवडीचा भाग निवडायचा नाही, कंटाळवाणा म्हणून वगळायचा नाही. हा नेम झुंबरबाईच्या नवऱ्याने, वनाने घातला होता. वना विहिरी खोदणारा माणूस. साक्रीपासून नवापूरपर्यंत त्याने खोदलेल्या विहिरी होत्या. विहिरीची जागा दाखवायला कुणी नेलं की तो दाखवलेल्या जागेवर कधीच उभा राहत नसे. दहा पावलं अलीकडे आणि दहा पावलं पलीकडे चालून येई, मगच पहार टेकवी. शास्त्र हाती आलं तेव्हा त्याने तीच रीत तिथे लावली. एखादं वचन मनाला लागलं, तर त्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वाचल्याशिवाय त्यावर बोलायचं नाही. तो जाऊन अकरा वर्षं झाली होती. नेम झुंबरबाईच्या आवाजात राहिला होता. ओळ ती पुस्तकी मराठीत वाचे, मग तिथेच बोट ठेवून अहिराणीत सांगे, आणि त्या सांगण्यात दूरदेशीचे राजे, मेंढपाळ, विधवा साक्रीच्या बाजारातून नुकत्याच परतल्यासारख्या वाटत.

"आते तू वाच," तिने त्या सांजेला मुलाला सांगितलं.

कौतिकने तीन दिवस वाचलं. सातवीपर्यंतची त्याची अक्षरं खडकावरून उतरणाऱ्या बैलासारखी सावध चालत. चौथ्या दिवशी एक वंशावळ आली, नावांवर नावं. त्याने पुस्तक मिटलं आणि मोबाइल काढला. मोबाइलवर रोज पहाटे कुणीतरी फुलांच्या चित्रावर एक वचन पाठवी. "हाई बी शास्त्रच शे, माय," तो म्हणाला. झुंबरबाईने काळ्या चष्म्याआडून त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसती कड दिसत होती.

*

त्यानंतर दोन आठवड्यांनी विहिरीला पाणी लागलं.

कौतिकनेही बापाचाच धंदा उचलला होता. त्याची स्वतःची यारी होती. डिझेलवर चालणारं ते लोखंडी उंटाड, लांब मानेचं, खालून मातीची बादली उचलून वर आणणारं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या विहिरी खोदून यंदा पहिल्यांदा त्याने ती स्वतःच्या वावरात उभी केली होती. वरची काळी माती संपली, पिवळा मुरूम लागला, आणि पस्तीस फुटांवर उत्तरेच्या अंगाने मनगटाएवढा झरा फुटला. खाली उतरलेल्या माणसांनी ओंजळी भरून तोंडावर मारल्या. सुलक्षणा, कौतिकची बायको, काठावर पालथी पडून खाली बघत होती, आणि खालून येणारा गार वास तिने डोळे मिटून आत घेतला.

मुरुमातली विहीर पाणी लागल्यावर तशीच ठेवता येत नाही. पाणी बुडखा खातं, काठ बसतो. आतून दगडाचं कडं बांधून काढावं लागतं, तेही लगेच. कौतिकने दोन ट्रॉल्या दगड मागवले. ते उतरले गाडवाटेच्या तोंडाशी, कारण वाट चुडामणच्या बांधावरून येत होती, आणि चुडामणने त्या सकाळी वाटेत बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या होत्या.

चुडामण शेजारचा, वयाने कौतिकहून दहा वर्षांनी मोठा. भुईमुगाला पाणी देता देता त्याची विहीर आटत चालली होती.

"मन्ही हीर चार हात खाल गई," तो म्हणाला. "तू आठे पाणी उपसस, नि मी कोरडा ऱ्हाऊ का?"

"भाऊ, मन्हा वावरमां खंदी राहिनू मी."

"वावर तुन्हं, पाणी बठ्ठासनं. आते या वाटवर तुन्हं चाक दिसनं, ते देख."

आणि बोलता बोलता त्याने कौतिकची कॉलर धरली. मारलं नाही. नुसती धरली, मूठ वळवली आणि सोडली. शर्टाचं वरचं बटण तुटून मुरुमात पडलं. कामावरचे सहा गडी बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांतला एकही आला नाही. चुडामणच्या भुईमुगाची काढणी पुढे होती आणि ती त्यांना हवी होती.

त्याच दुसऱ्या दिवशी पहाटे कौतिकच्या मोबाइलवर गुलाबाच्या चित्रावर वचन आलं. देव तुमच्यासाठी लढेल, तुम्ही शांत राहा, असं त्याचं सांगणं होतं.

कौतिकने ते तीनदा वाचलं. मग लाल रंगाचा डबा काढला आणि यारीच्या मानेवर, जिथे इतर यारीवाले आपल्या पोरांची नावं लिहितात तिथे, ते वचन लिहून काढलं. अक्षरं सुरुवातीला मोठी झाली आणि शेवटी जागा पुरेना, म्हणून 'राहा' हा शब्द मुंगीएवढा उतरला. मग तो लिंबाखाली बसला. शांत.

*

तो नऊ दिवस बसला.

त्या नऊ दिवसांत विहिरीच्या उत्तरेच्या काठावर एक भेग उगवली. पहिल्या दिवशी ती केसाएवढी होती. झुंबरबाईला वाकायची मनाई होती. तिने नातीला, मेघाला, भेगेत खराट्याची एक काडी उभी करायला लावली. मेघा धुळ्याला नर्सिंगला होती, आजीच्या डोळ्यासाठी सुट्टी काढून आली होती. दुसऱ्या दिवशी काडी आत पडली. मग दोन काड्या, मग तीन. सातव्या दिवशी सात काड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि भेगेत अंगठा जाऊ लागला.

"पप्पा, काठ पडणार आहे," मेघा म्हणाली.

"देव देखी राहिना, बेटा."

पिठाच्या गिरणीवर सुलक्षणाला बायका विचारू लागल्या. "काय वं, तुन्हा मालकना देव पावडी लिसन येवाव शे का टिकाव लिसन?" सुलक्षणा पिठाचा डबा डोक्यावर घेऊन घरी येई आणि डबा जरा जोरात ठेवी.

"शांत ऱ्हावा," एकदा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "ते तुम्हलेच सांगेल शे, का माले बी? म्हंजे माले बोलता येवाव नही का?"

कौतिक ताटावरून उठला नाही, जेवलाही नाही. भाकरीचा पापुद्रा तो बोटाने उचलत आणि खाली सोडत राहिला. झुंबरबाईला कोपऱ्यातून त्याच्या मानेची कड दिसत होती, कॉलरीच्या वरची, आणि त्या कडेत विश्वास नव्हता. दुसरंच काही होतं. पण ते काय, हे वाचायला तिच्याकडे अजून चष्मा नव्हता.

गवंडी झिपरू मिस्तरी दोनदा येऊन गेला. त्याने भेगेत खडा टाकून तो किती खोल जातो हे ऐकलं. "दगड काठवर आना, मी उद्या बांधाले लागस," तो म्हणाला. "दगड तठे, हीर आठे. मी काय फुकी मारीसन आनू? चार दिन, कौतिक. पाचव्या दिवशी बांधाले हीर नही, खड्डा ऱ्हाई."

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई मेघाला घेऊन धुळ्याला गेली आणि नंबरचा चष्मा घेऊन सांजेच्या गाडीने परत आली.

*

पहाटे तिने पुस्तक मागितलं.

ते महिनाभर फडक्यात बांधलेलं होतं. फडकं सोडताना वनाच्या तंबाखूचा वास आला, किंवा आल्यासारखा वाटला. चष्म्यातून अक्षरं तिच्यापुढे अशी उभी राहिली, की तिला वाटलं, इतकी वर्षं ती ही शेतं धुक्यातून बघत होती. ओळींमधली मोकळी जागासुद्धा दिसत होती.

"खूण जठे शे तठून वाचसू," ती म्हणाली, "पन आज नही. मेघा, तुन्हा बापनं ते यारीवरलं वचन. चित्रना खाल आकडा व्हई. सांग."

मेघाने मोबाइलवर मागे मागे जाऊन गुलाब शोधला आणि आकडा सांगितला.

"माय, ते बराबर शे," कौतिक दारातून म्हणाला. "खोटं नही ते."

"खोटं कोन म्हने? बठ. आधीना दहा."

तो उंबऱ्यावर बसला. सुलक्षणा चूल तशीच ठेवून आली.

झुंबरबाई वाचू लागली. मिसर देशाची गुलामी सोडून निघालेले लोक, त्यांचा पुढारी मोशे, आणि मागून राजाची फौज. ओळ वाचावी, बोट ठेवावं, सांगावं. "म्होरे समुद्र. मांगे राजाना रथ. मधमां हाई बठ्ठा लोक, पोरं, म्हताऱ्या, ढोरं." पुढची ओळ तिने आधी मनात वाचली. "नि लोक भ्यायनात. भलता भ्यायनात. मोशेले म्हनतस, तठे आम्हले गाडाले जागा नव्हती का रे, ते आठे उजाडमां मराले लई उना?"

मेघा हसली. "आपल्या गिरणीवरच्या बायकाच आहेत, मोठी माय."

सुलक्षणाही हसली. कौतिक हसला नाही. तो आपल्या शर्टाच्या वरच्या काजाशी चाळा करत होता. तिथे अजून बटण लावलेलं नव्हतं.

मग ते वचन आलं. झुंबरबाईने ते तसंच वाचलं, जसं यारीवर होतं. कौतिकने मान वर केली. "देखं? हाईच."

"थांब. नंतरना दहा."

तिचं बोट एक ओळ खाली सरकलं आणि तिथेच राहिलं. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"मंग देव मोशेले म्हनस," ती म्हणाली, आणि तिचा आवाज विहिरीत सोडलेल्या दोरासारखा सरळ झाला, "माले कसाले हाका मारत बठना? लोकसले सांग, चाला म्होरे."

चुलीतलं लाकूड तडकलं. बाहेर कुणाची तरी बकरी शिंकली.

"परत वाच," कौतिक म्हणाला.

तिने परत वाचलं.

"त्याच पानवर शे?"

"लगेच खाल. एक बोटबी अंतर नही."

कौतिक उठून आला, गुडघ्यांवर बसला आणि स्वतः वाचू लागला, ओठ हलवत, सावध. एकदा. दोनदा. मग तिथेच बसल्या बसल्या, पुस्तकाकडेच बघत म्हणाला, "माय, मी भ्यायनू व्हतू. त्यानी कालर धरी, माले हात उचलता उना नही. गडी देखी राहिनात. सकायले ते वचन उनं, नि माले बरं वाटनं. वाटनं, आते माले उठानं काम नही."

सुलक्षणाने नजर दुसरीकडे वळवली. नवऱ्याच्या अशा बोलण्याच्या वेळी त्याच्याकडे बघू नये, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

"भ्यायेल लोकसलेच ते सांगेल शे," झुंबरबाई म्हणाली. "भ्यायनं पाप नही. पन आपलं बठनं देवना नाववर लिखू नको. त्यानी त्या लोकसले कितली येळ बठू दिधं? एक ओळ."

मग तिने राहिलेल्या नऊही ओळी वाचल्या, कारण नेम नेम होता. समुद्र दुभंगला, कोरडी वाट झाली.

"आम्हना काय समुद्र शे," पुस्तक मिटत ती म्हणाली. "नाला शे. नि तो ते पौषमांच कोरडा व्हयना. तेवढं काम देवनी आधीच करी ठेवेल शे."

*

गाडवाट काट्यांनी बंद होती. पण वाटेच्या तोंडापासून नाल्यात उतरून, नाल्यानेच वळसा घालून विहिरीपर्यंत येता येत होतं. चाक जाणार नाही, पाय जाईल. एका खेपेला अर्धी घटका.

त्यांनी चुंबळी वळल्या. कौतिकने पहिला दगड उचलला तेव्हा ऊन अजून नाल्यात उतरलं नव्हतं. दगड डोक्यावर आला की मान आधी आपली राहत नाही, मग खांदे, मग फक्त पावलं उरतात. पावलांखालची गोल गोटी, गोट्यांमधली वाळू, वाळूतला उन्हाचा चटका. मेघाच्या हातांना दुपारपर्यंत फोड आले. फोड कसे फोडू नयेत हे तिला कॉलेजात शिकवलं होतं. आणखी दोन खेपांनंतर ते आपोआप फुटले. सुलक्षणा कौतिकच्या मागे मागे चाले, आणि त्याच्या पिंढऱ्यांवरच्या शिरा दोरासारख्या वर येताना बघे. झुंबरबाईला ओझं मना होतं. ती नाल्याच्या वळणावर पाण्याची कळशी घेऊन बसली आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला पाणी देताना पहाटे वाचलेलं पुढे सांगू लागली, कारण एकेका खेपेला एकेक तुकडाच सांगता येत होता, आणि त्यामुळे मेघा म्हणाली तसं, "मोठी माय, तुझ्यामुळे परत यावंच लागतं."

दुपारी पाणी उपसून झाल्यावर झिपरू मिस्तरी खाली उतरला. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याने पहिला थर लावला. यारीची मान हलली, दगड खाली गेला. मानेवरचं लाल वचन वर-खाली होत राहिलं.

चुडामण आपल्या भुईमुगात उभा राहून बघत होता. एकदा तो ओरडला, "काय कौतिक, देव लढाव व्हता ना? तो कोठे शे, तू हमाली करी राहिना!"

कौतिकच्या डोक्यावर दगड होता. मान वळवता येत नव्हती. तो चालत राहिला.

तिसऱ्या दिवशी कडं भेगेच्या बुडाच्या वर हातभर आलं. चार वाजता झिपरू चहाला वर आला, कौतिकने यारी बंद केली, आणि त्या शांततेत उत्तरेचा काठ सुटला. आवाज मोठा नव्हता. पोट खाली सोडून बसणाऱ्या म्हशीसारखा. बैलगाडीभर मुरूम आत गेला, झुंबरबाईच्या सगळ्या काड्यांसकट, पाणी काठापर्यंत उडालं आणि धूळ उठली.

"कोन शे खाल? कोन शे रे खाल?"

हा आवाज त्यांच्यातल्या कुणाचा नव्हता. चुडामण धावत येत होता. वळसा त्याने घेतला नाही. आपणच टाकलेल्या काट्यांवरून तो सरळ तुडवत आला, आणि काठाशी येऊन माणसं मोजू लागला. कौतिक, सुलक्षणा, मेघा, मिस्तरी. पुन्हा मोजली.

"कोनीच नही, भाऊ," कौतिक म्हणाला. "बठ्ठा वर शेतस."

धूळ बसली. मुरूम कड्याच्या मागे, पोकळीत जाऊन बसला होता. कडं उभं होतं. झिपरूने वरून एक खडा टाकून पाहिला आणि चहाचा घोट घेतला. "माल भराना व्हताच मांगे," तो म्हणाला. "आते भराई गया."

चुडामण खाली बसला. त्याच्या डाव्या टाचेतून रक्त येत होतं. बाभळीचा काटा आत मोडला होता.

"आन पाय," नाल्याच्या वळणावरून आलेली झुंबरबाई म्हणाली.

"ऱ्हाऊ दे, अक्का."

"आन म्हनस ना. नवा डोया शे, त्याले काम ते देऊ दे."

तिने मेघाची सुई घेतली, चुडामणची टाच आपल्या मांडीवर ठेवली आणि चष्मा नाकावर नीट केला. कातडी जाड होती. करण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे तो यारीची मान वाचू लागला.

"तुन्ही हीर कितली खाल गई व्हती?" झुंबरबाईने सुई फिरवत विचारलं.

"चार हात."

"नि आते?"

त्याने आपल्या विहिरीकडे पाहिलं. "तुम्हनं काम बंद व्हतं त्या आठ-नऊ दिनमां दोन हात वर उनी."

"आम्हना उपसा बंद व्हता तधय. बांधी व्हयनं का उपसा बंदच व्हई. मंग तू दोरी आन, कौतिक बी येई. दोन्ही हिरी सोबत मोजा. कमी भरनी, तर एक दिन तुन्हा पंप, एक दिन आम्हना." काटा निघाला. तिने तो उजेडात धरून बघितला, समाधानाने. "देख, केवढा शे. तुन्हाच वावरना."

मिस्तरी खो खो हसला. चुडामणच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्याने ते दाबलं. उठून त्याने टाच टेकून पाहिली आणि जाता जाता यारीकडे हात केला.

"ते काय लिखेल शे, लढाई नि शांत ऱ्हावा. मंग दगड काब्र वाहतस?"

"त्याना खाल आखो एक ओळ शे, चुडामणभाऊ," कौतिक म्हणाला. "मी वाची नव्हती."

"काय शे?"

"चाला म्होरे."

चुडामण लंगडत गेला, या वेळी नाल्याने.

*

दुसऱ्या दिवशी उजाडताना झुंबरबाईने पुस्तक कौतिकपुढे सरकवलं. खूण महिन्यापूर्वीच्याच जागी होती: ती वंशावळ, नावांवर नावं. कौतिकने नख ओळीवर ठेवलं आणि वाचू लागला. बापाचं नाव, मुलाचं नाव, त्याच्या मुलाचं. एकेका नावावर तो अडखळे, उतरे, पुन्हा चढे. मेघा फोडांना मलम लावत ऐकत होती. सुलक्षणाने चहाचं आधण ठेवलं होतं, पण पत्ती टाकली नव्हती.

पान अर्ध्यावर आलं तेव्हा बाहेरून आवाज आला. मुरुमावरून काहीतरी जड, काटेरी ओढलं जात होतं. थोडं थांबे, पुन्हा ओढलं जाई. गाडवाटेच्या बाजूने.

कौतिकचं बोट ओळीवर तसंच राहिलं आणि डोळे दाराकडे गेले. तो अर्धा उठलाही.

"बठ," झुंबरबाई म्हणाली. "त्याले करू दे. आखो दहा नावं बाकी शेतस."

तो बसला, आणि वाचू लागला.